कालचा निरोप आजचा धरावा

०७:३० — उठली.

स्टीलचा मग. तळाला एके ठिकाणी पोचा पडलेला, नवा.

निळ्या कोटाच्या अस्तरावर शिंप्याच्या खडूची रेघ. कोट गुरुवारी दुपारी चारला घालून बघायचा होता.

शंभरातून सात गेले त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. "पुढचे मी म्हणू, का आता तुम्ही म्हणताय?"

पांघरुणाखालून आलेला आवाज: "उठलो!" आणि दाराशी उभी असलेली बाई: "तोंडाने नको सांगूस. पाय दाखव जमिनीवर."

एका ओळीच्या शेवटी, कंसात, एकच शब्द: तात्पुरतं.

०७:३० — उठली.

*

दाराशी उभी राहणारी ती बाई म्हणजे आत्या. दोघा भावंडांचे आईवडील वर्षाच्या आत एकापाठोपाठ गेले तेव्हा दादा अकरा वर्षांचा होता आणि त्याची बहीण, आत्याची भाची, सात. आत्या एक बॅग आणि एक लाकडी पेटी घेऊन आली, म्हणाली, "पंधरा दिवस राहते," आणि राहिली ती राहिलीच. पेटीत पितळेची वजनं होती. वजनमापं तपासायच्या खात्यात नोकरी. दिवसभर दुकानादुकानांतून फिरायची, काट्यांवर आपली वजनं ठेवायची. काटा खरा निघाला तर शिक्का मारायची, खोटा निघाला तर उचलून घेऊन जायची. दुकानदार हातापाया पडायचे, चहा मागवायचे. आत्या चहा प्यायची आणि काटाही न्यायची.

घरातही खातं तेच. दादाने लहानपणीच एक विद्या कमावली होती: झोपेतल्या झोपेत "उठलो" म्हणायची. आवाज अगदी ताजा, जागा, शहाणा. आत्या दोन दिवस फसली. तिसऱ्या दिवसापासून शब्दावर विश्वास बंद. पाय जमिनीवर दिसले तरच सकाळ झाली.

भाची मोठी झाली आणि तिला पोटापाण्याचा धंदा मिळाला तोही उठवण्याचाच.

*

ती जिथे काम करते त्या कचेरीचं काम कुणाला दिसत नाही. दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या यंत्राकडून वॉर्डात रिपोर्ट पोचवणारा एक प्रोग्राम असतो. पाण्याच्या टाकीचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा एक असतो. असे शंभरेक प्रोग्राम पडद्यामागे अहोरात्र राबतात. चालू असतात तोवर त्यांना कुणी विचारत नाही. पडले की मात्र सगळं गाव ओरडतं. आणि ते पडतात. कधी त्यांची मेमरी भरून जाते, कधी समोरच्याच्या उत्तराची वाट बघत जागच्या जागी गोठतात.

भाचीने लिहिलेला प्रोग्राम त्या सगळ्यांवर नजर ठेवतो. दर अर्ध्या मिनिटाला प्रत्येकाच्या दाराशी जातो. उत्तर आलं नाही तर त्याला पुन्हा उभं करतो. तीनदा उभं करूनही पडला तर माणसाला हाक मारतो. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे, पण कचेरीत सगळे त्याला 'उठलास-का' म्हणतात. नाव मास्तरांनी ठेवलं. मास्तर म्हणजे तिथले सगळ्यांत जुने. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मास्तर. "काल उठलास-काने पाणीवाल्याला तीनदा उभं केलं," ते सकाळी चहाचा कप घेऊन सांगायचे, "चौथ्यांदा मी गेलो आणि त्याला कायमचा झोपवला. नवा आणू."

त्या प्रोग्राममध्ये भाचीने पहिल्या दिवसापासून एक नियम घातला होता. प्रोग्राम जिवंत आहे एवढं पुरे नाही, त्याने काम दाखवलं पाहिजे. गेल्या मिनिटात किती रिपोर्ट पोचवले? एकही नाही, आणि रांगेत वीस पडून आहेत? मग तू झोपेत बोलतोयस बाबा. ऊठ.

"हे कुठे शिकलीस?" मास्तरांनी विचारलं होतं.

"आत्याकडे."

"मग त्यांना इथे एक खुर्ची द्यायला हवी."

*

आत्या अठ्ठ्याहत्तरची झाली तेव्हा दादाने विषय काढला. तो चार तासांच्या अंतरावर राहतो. भाची त्याच शहरात, पण दुसऱ्या टोकाला. बसने चाळीस मिनिटं. आत्या त्याच जुन्या घरात एकटी, पहिल्या मजल्यावर, खाली शिंप्याचं दुकान.

"माझ्या घराजवळ एक चांगला वृद्धाश्रम आहे," दादा फोनवर म्हणाला. "बाग आहे, नर्स आहे. मी जाऊन बघून आलो."

"तिला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाली, बाग तू बघ, मी काटे तपासते."

"मग झालं तर."

"छोटे, हसण्यावारी नेऊ नकोस. एक दिवस ती पडेल आणि आपल्याला चार दिवसांनी कळेल."

तेव्हा भाचीने बटणाची कल्पना मांडली. बाटलीच्या झाकणाएवढं पांढरं बटण, गॅसच्या शेगडीशेजारी भिंतीवर चिकटवलेलं. आत्याने सकाळी चहाचं आधण ठेवताना ते दाबायचं. दाबलं की साडेसातला भाचीच्या आणि दादाच्या फोनवर निरोप: उठली. साडेसातपर्यंत दाबलं नाही तर भाचीचा फोन घणघणणार. दहापर्यंतही काही कळलं नाही तर दादाचा.

दादाने अट घातली. "एक दिवस. एक दिवस जरी दहा वाजता माझा फोन वाजला, तर मी गाडी काढतो आणि तिला घेऊन येतो. मग वाद नाही."

"नाही घालणार वाद," भाची म्हणाली.

आत्याला अट सांगितली. तिने चष्मा लावला, बटण खालून वरून पाहिलं आणि भाचीला फोन हातात धरून समोर बसवलं. मग वीस वेळा दाबलं, मध्ये मध्ये थांबून, कधी जोरात, कधी नखाच्या टोकाने.

"किती आले?"

"वीस."

"वीसपैकी वीस. चालेल. शिक्का मारला." आणि खरोखरच तिने बटणाच्या खाली भिंतीवर पेन्सिलीने तारीख घातली आणि सही केली.

आपल्या घरात राहायचं की नाही, हे आता त्या झाकणाएवढ्या वस्तूवर ठरणार होतं. तिघांनाही ते माहीत होतं.

*

मार्चमधला एक मंगळवार. त्या सकाळी व्हॉल्व्ह उघडणारा प्रोग्राम बसला होता आणि भाची सातपासून पाण्याच्या टाकीखालच्या तळघरात होती. जाड भिंती, पंपांची घरघर, फोनला रेंज नाही. नऊ पस्तीसला ती जिना चढून वर आली आणि उजेडात पाऊल ठेवताच फोन बोंबलायला लागला. निरोप नाही. साडेसातपासून निरोप नाही.

दहाला पंचवीस मिनिटं होती.

तिने फोन लावला. वाजत राहिला. कट झाला. तिने पुन्हा लावला, तेव्हा नऊ चाळीस झाले होते.

"हॅलो," आत्या म्हणाली. थोडी धापा टाकत होती.

"आत्या! बटण दाबलं नाहीस?"

"दाबलं होतं की. नेहमीच्या वेळेला. तुझं ते नेटवर्क नसेल."

"आणि धाप का लागलीय?"

"माळ्यावरचा डबा काढत होते. ठेवू का? चहा निवतोय."

भाचीच्या जिवात जीव आला. ती स्वतः आत्ताच बिनरेंजच्या भुयारातून वर आलेली, तेव्हा निरोप वाटेत अडकतात हे तिला कुणी पटवून द्यायला नको होतं. तिने हातानेच 'उठली' असं भरलं. दादाचा फोन वाजला नाही. पण दुपारी डबा खाताना तिच्या डोक्यात तेच फिरत राहिलं. नेटवर्कसारख्या फालतू कारणाने आत्याचं घर जायचं? पुन्हा असं झालं आणि आपण पुन्हा तळघरात असलो तर?

जेवण अर्धं टाकून तिने बटणाच्या प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. संगणकाच्या भाषेतून माणसांच्या भाषेत आणली तर ती अशी होती: साडेसातपर्यंत निरोप आला नाही, तर कालचा निरोप आजचा धरावा. (तात्पुरतं)

रविवारी नीट काहीतरी करू, असं तिने ठरवलं. रविवारी आत्याकडे पाहुणे आले.

तात्पुरतं असं लिहिलेल्या ओळी त्या कचेरीत वर्षानुवर्षं नांदत होत्या, पण त्या दुसऱ्यांच्या असत. भाचीने स्वतःच्या हाताखाली अशी ओळ कधी खपवून घेतली नव्हती. कारण त्या ओळीचा अर्थ पाटी घेऊन बसलं तरी समजतो. आज निरोप नाही, म्हणून कालचा आजचा झाला. उद्याही नाही, तर आजचा उद्याचा. आत्या असो वा नसो, साडेसातला उठली. वर्षभर, दहा वर्षं, उठली.

आणखी एक गोष्ट घडली, ती इतकी हळू की कुणाच्या लक्षात आली नाही. पूर्वी भाची रोज संध्याकाळी फोन करायची. बटण आल्यावर एक दिवसाआड झाला, मग फक्त रविवारी भेट. सकाळी 'उठली' दिसलं की मन निवांत व्हायचं. फोन करून विचारायचं तरी काय?

*

नोव्हेंबरातला गुरुवार. पावणेसातला आत्या न्हाणीघरातून स्वयंपाकघराकडे निघाली आणि उंबऱ्याशी तिचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. बटण समोरच्या भिंतीवर दिसत होतं, सहा पावलांवर. ती सरपटत दोन फरश्या पुढे गेली आणि पुढे जाणं झालं नाही. हाताशी स्टीलचा मग होता.

तिने तो फरशीवर आपटायला सुरुवात केली. सलग नाही, सलग आवाज नळाचा किंवा यंत्राचा वाटतो, हे तिला माहीत होतं. तीन ठोके, थांबायचं, तीन ठोके. दुकान उघडलं आणि खाली शिंप्याच्या दोन मशिनी चालू झाल्या.

गुरुवार, साडेसात. भाचीचा फोन: उठली. ती बसस्टॉपवर उभी होती. पाहिलं आणि फोन पर्समध्ये टाकला.

शुक्रवार, साडेसात: उठली.

शिंप्याच्या दुकानात आत्याचा निळा कोट टांगून होता. "गुरुवारी चार म्हणजे चार," असं ती सांगून गेली होती, आणि ही बाई वेळेच्या बाबतीत घड्याळाचे कान उपटणारी. एरवी तो जेवायला घरी जायचा; शुक्रवारी दुपारी दुकानातच जेवायला म्हणून त्याने मशिनी बंद केल्या तेव्हा वरून आवाज आला.

"ताई, मला आधी वाटलं नळ गळतोय," तो नंतर भाचीला सांगत होता, मोजमापाची टेप अजून गळ्यातच. "मग म्हटलं, नळ काही थांबून थांबून तीन मोजत नाही. वर गेलो. दार आतून बंद. हाक मारली तर आतून म्हणतात, 'शिंपीबुवा, कोट राहू द्या. दार तोडा.'"

पावणेएक वाजले होते. तीस तास.

शिंप्याचा फोन आला तेव्हा भाची कचेरीत होती. त्याचं बोलणं ऐकता ऐकताच तिने स्क्रीनवर पाहिलं. ०७:३०, उठली. तिला सगळं उमगलं. उमगायला क्षण लागला नाही. सांगायला दीड दिवस लागला.

*

दादा शुक्रवारी रात्री पोचला. हाड बसवायची शस्त्रक्रिया तोवर होऊन गेली होती. शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या, खुर्ची ओढून बसल्या.

"आजी, काही साधे प्रश्न विचारते."

"मी कुणाची आजी नाही. आत्या म्हणा. विचारा."

महिना, वर्ष, शंभरातून सात सात वजा. आत्या दोनपर्यंत खाली गेली आणि म्हणाली, "आता उणे पाच. थांबू?" डॉक्टरीणबाई हसल्या.

"छान. तुम्ही पडलात कधी?"

"गुरुवारी. सकाळी पावणेसात."

डॉक्टरीणबाईंनी दादाकडे पाहिलं, कारण तो मान हलवत होता. त्याने फोन पुढे केला. "शुक्रवारी. शुक्रवारी सकाळी साडेसातपर्यंत ती ठीक होती. रोज एक बटण दाबते, त्याची नोंद आहे. हे बघा, गुरुवार, हा शुक्रवार."

"गुरुवार होता," आत्या म्हणाली. "एक रात्र गेली मध्ये. थंडी होती."

"आत्या, पडल्यावर वेळ लांब वाटतो ग."

"अंगातलं पाणी बरंच कमी झालं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण या वयात ते पाच-सहा तासांतही होऊ शकतं." आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. भाची पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिला उलट्या बाजूनेही वाचता आलं. दिवसांचा गोंधळ. स्मरणशक्तीची पुढील तपासणी. एकटं राहणं सुरक्षित नाही.

आत्याने तो फोन मागून घेतला. डोळ्यांजवळ धरून दोन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या. तिच्या आयुष्यात नोंदीविरुद्ध माणसाचा शब्द कधी टिकला नव्हता. टिकू दिला नव्हता तिनेच. फोन परत देताना ती हळू म्हणाली, "मग मीच चुकले असेन."

भाचीने तिला हे वाक्य म्हणताना आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण दादा बाहेर कॉरिडॉरमध्ये आश्रमाला फोन लावत होता, आणि भाचीला कळेना की खरं सांगितल्याने काय होईल. आत्याचं डोकं शाबूत ठरेल, बरोबर. पण बटण खोटं ठरेल, आणि बटणाच्याच भरवशावर ती त्या घरात होती. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं.

"कचेरीत जाऊन येते," ती म्हणाली.

*

शनिवारी कचेरीत मास्तर एकटे होते. तिने त्यांना ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, ओळ वाचली आणि पुन्हा वाचली.

त्या कचेरीची एक पद्धत होती. काही कोसळलं की कागद भरायचा. तीन प्रश्न: काय घडलं, कसं कळलं, पुन्हा घडू नये म्हणून काय. तो कागद ज्यांचं काम अडलं त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचा. मास्तरांनी कपाटातून कोरा कागद काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

"भर," ते म्हणाले. "दवाखान्याचा रिपोर्ट अडकला असता तर भरला असतास ना?"

ती भरायला लागली. मार्चच्या मंगळवारी नेटवर्क नसल्याने निरोप आला नाही, इथून सुरुवात केली. मास्तर खांद्यावरून वाचत होते.

"नेटवर्क नव्हतं हे तपासलंस?"

"आत्या म्हणाली."

"हं."

"आता तपासताही येणार नाही. नव्वद दिवसांपलीकडच्या नोंदी पुसल्या जातात."

"माझाच नियम," मास्तर म्हणाले. "पुढे लिही."

तीन प्रश्न संपले. तिने खाली पट्टीने एक रेघ मारली आणि चौथा शब्द लिहिला: कोणी?

"हा रकाना आपल्याकडे नाही," मास्तर म्हणाले.

"माहितेय."

"का नाही तेही माहितेय ना?"

"नाव लिहायला लावलं की लोक लपवायला लागतात."

"मग?"

"माझं लपवून झालंय, मास्तर."

तिने नाव लिहिलं. मास्तरांनी पेन तिच्या हातातून काढून घेतलं, टोपण लावलं आणि परत दिलं. "जा," ते म्हणाले. "बस पाचला आहे."

*

तिने तो कागद पलंगाशेजारी उभं राहून वाचला. डॉक्टरीणबाईंना थांबायला सांगितलं होतं. दादा खिडकीशी होता. ती कचेरीत वाचते तशीच वाचत होती, एका सुरात, न अडखळता. 'कालचा निरोप आजचा धरावा' ही ओळ मात्र तिला दोनदा म्हणावी लागली.

वाचून झालं. कुणीतरी बाहेर ट्रॉली ढकलत गेलं.

"गुरुवार," आत्या म्हणाली. "मी म्हणत होते."

"हो."

"वीसपैकी वीस म्हणून शिक्का मारला होता मी."

"हो, आत्या."

"आणि शिक्क्यानंतर काट्याला हात लावलास."

भाचीने कागदाची घडी घातली. खात्यात या गुन्ह्याला एकच शिक्षा होती आणि ती दोघींना ठाऊक होती: काटा उचलून न्यायचा.

डॉक्टरीणबाईंनी आपला कागद काढला, एक ओळ खोडली आणि शेजारी सही केली. "दिवसांचा गोंधळ नाही," त्या म्हणाल्या. "तीस तास मोजून सांगणारा पेशंट मी पहिल्यांदा बघतेय."

"रात्री तीनला शेजारच्या इमारतीतलं बाळ रडतं," आत्या म्हणाली. "त्यावरून मोजलं."

दादा अजून खिडकीशीच. तो ओरडेल असं भाचीला वाटलं होतं. तो म्हणाला, "मी रोज बघायचो. साडेसातला ते दिसलं की दाढी करायला घ्यायचो." मग थांबून, "मीही फोन नाही केला. दोन महिने नाही केला."

"तू तर झोपेतच 'उठलो' म्हणायचास," आत्या म्हणाली. "तुझ्याकडून काय अपेक्षा."

दादा हसला आणि हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. त्याने पाठ फिरवली.

"त्या कागदावर ते मार्चचं आहे," आत्या जरा वेळाने भाचीला म्हणाली. "ते लिहिलंच पाहिजे का?"

"सुरुवात तिथून झाली ना. नेटवर्क नव्हतं म्हणून तर मी ओळ घातली."

"हो. नेटवर्क नव्हतं."

"तूच म्हणालीस."

"मीच म्हणाले," आत्या म्हणाली, आणि तिने पाणी मागितलं.

भाचीला वाटलं, आपली चूक कमी दिसावी म्हणून ती असं विचारतेय. तिने पेला तिच्या ओठांशी धरला. आत्याने अर्धा प्यायला आणि उरलेल्या पाण्याकडे बघत राहिली.

"आता तिला घरी कशाच्या भरवशावर पाठवू?" दादा म्हणाला. आवाजात भांडण नव्हतं. तो खरंच विचारत होता.

उत्तर आत्यानेच दिलं. "ते बटण काढा. रोज सकाळी तुम्ही दोघांनी फोन करायचा, तो चेहरा दिसतो तसला. आणि मी 'ठीक आहे' म्हटलं तर ऐकायचं नाही. मला काही विचारायचंच नाही." तिने चादरीखालचा धड पाय जरासा हलवला. "पाय बघायचे जमिनीवर."

"आणि एक दिवस नाही दिसले तर?"

"तर गाडी काढ," आत्या म्हणाली. "तुझी बाग बघते."

*

फेब्रुवारीत ती घरी आली. न्हाणीघरात कठडे बसवले होते, उंबरा काढून टाकला होता. निळा कोट खुंटीवर, लांबी अचूक. शेगडीशेजारी बटणाच्या जागी भिंतीचा एक गोल, स्वच्छ, जुन्या रंगाचा डाग राहिला आहे आणि त्याखाली पेन्सिलीतली तारीख आणि सही. सहीवर आत्याने एक आडवी रेघ मारली.

साडेसातला दोन फोन लागतात. भाची बसस्टॉपवर असते, दादा आरशासमोर, गालाला फेस लावलेला. स्क्रीनवर आधी छत दिसतं, मग टेबलाचा पाय, मग फरशी. लोकरी मोज्यांतली दोन पावलं आणि काठीचं रबरी टोक.

"दिसले?"

"दिसले. डावा हलव."

"नाचून दाखवू का आता?"

"हलव ग आधी."

डावा हलतो. मग उजवा, न सांगता.

*

मार्चमधल्या त्या मंगळवारी नेटवर्क दिवसभर व्यवस्थित चालू होतं. सात ते साडेनऊ आत्या स्वयंपाकघराच्या फरशीवर पडून होती. मग टेबलाचा पाय धरून उठली आणि तिने फोन घेतला.